हेल्मेट कुठलं घेऊ, साहेब?

रायपूरहून धमतरीच्या दिशेने निघालं की तीसेक किलोमीटरवर अभनपूर लागतं. इथे रस्ता फुटतो. सरळ गेलात तर धमतरी, कांकेर, केशकाल घाट आणि पुढे बस्तर. डावीकडे वळलात तर राजिम, महानदीचा संगम, त्यापुढे गरियाबंदचं जंगल. पूर्वी इथूनच छोट्या लाइनची गाडीही फुटायची, एक फाटा धमतरीला आणि एक राजिमला. आता मोठी लाइन आली आहे. ३० मार्च २०२५ पासून नवा रायपूरमार्गे मेमूसुद्धा सुरू झाली. पण आमच्यासारख्यांचं अभनपूर म्हणजे अजूनही तो तिठा आणि तिठ्यावरची चहाची टपरी. रविवारी सुट्टी मिळाली की बुलेट काढायची, तिठ्यावर मूगभजी खायची आणि मग ठरवायचं, सरळ की डावीकडे.

त्याच टपरीवर आमच्या युनिटमधल्या एका नाईकाने मला हा प्रश्न विचारला. पोरगा साताऱ्याकडचा आहे. लग्नाला दीड वर्ष झालंय आणि नुकतीच हिमालयन घेतलीय. मोबाईलवर चित्र दाखवत म्हणाला, "साहेब, हे घेतो. डांबरावर पण चालतं, कच्च्यावर पण." चित्रातल्या हेल्मेटला पुढे चोच, मोठी हनुवटी, रंग वाळूचा, बाजूला काहीतरी लढाऊ नक्षी. मी विचारलं, "डोक्याचा घेर किती तुझा?" तो गप्प. "बरं, महिन्याला कच्च्यावर किती चालवतोस?" पुन्हा गप्प. टपरीवाला मात्र मोबाईलमध्ये डोकावून म्हणाला, "बने दिखत हे, साहब!"

दिसतं छानच, त्यात वाद नाही. पण हेल्मेट दिसण्यावरून घेण्याबद्दल माझं काही म्हणणं आहे आणि ते त्याला उभ्या उभ्या सांगून होईना, म्हणून इथे लिहितोय. हे वाचणाऱ्यांत माजी सैनिक बरेच आहेत. त्यांतल्या निम्म्यांची पोरं आज कुठली ना कुठली उंच गाडी मागत असणार.

आधी इथली जमीन सांगतो. छत्तीसगढचा शेतकरी जमिनीला चार नावं देतो: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. भाटा म्हणजे आपल्या कोकणातल्या जांभ्याची बहीण, लाल, खडेदार. तिच्यावर गाडी वाळलेल्या वाटाण्यांवर चालवल्यासारखी सरकते. मटासी पिवळसर आणि हलकी, उन्हाळ्यात तिची धूळ होते. डोरसा मधली. कन्हार म्हणजे आपली काळी. पावसात ती चाकाला अशी बिलगते की मडगार्ड आणि टायरमध्ये बोट शिरत नाही. अभनपूरच्या तिठ्यापासून अर्ध्या तासात या चारी जमिनी चाकाखालून जातात. वर चौपदरी हायवे आहे, धानाचे ट्रक आहेत, राईस मिलचा उडणारा कोंडा आहे आणि कालव्याच्या कडेचा मुरुमाचा रस्ता आहे. तेव्हा दोन्हीकडचं हेल्मेट हवं असं पोराला वाटलं, यात त्याचं काही चुकलं नाही. चुकतंय ते पुढे.

गेल्या पावसाळ्यात मी याच रस्त्यावर पडलो. ऑगस्टमधली संध्याकाळ होती, राजिमहून परतत होतो. तिकडून अभनपूरकडे येताना तोंड पश्चिमेला असतं. पाऊस थांबून सूर्य नेमका ढगाखालून बाहेर आला होता आणि ओला रस्ता आरशासारखा चमकत होता. पावसाळ्यात इकडे गुरं रस्त्यावर येऊन बसतात. शेतात चिखल असतो, डांबर कोरडं आणि ऊबदार. पेरणीच्या दिवसांत गुरं बांधून ठेवायची इथली जुनी रीत आहे, तिला रोका-छेका म्हणतात. पण रीत सगळीकडे पाळली जातेच असं नाही. माझ्यासमोर एक गाय बसलेली होती आणि ती मला फार उशिरा दिसली. वेग चाळीसच्या आसपास असेल. ब्रेक लावला, मागचं चाक सरकलं आणि मी उजव्या कुशीवर, मग तोंडावर. गाय उठलीसुद्धा नाही.

घरी येऊन हेल्मेट पाहिलं. चोच एका बाजूने स्क्रूपाशी तुटली होती. हनुवटीवर हाताच्या पंजाएवढा पट्टा खरवडून आतला थर दिसत होता. माझ्या स्वतःच्या हनुवटीवर काहीही नव्हतं. ते हेल्मेट आता माझ्या खोलीत खिळ्याला टांगलंय. वापरायचं नाही, फक्त पोरांना दाखवायचं. त्या नाईकालाही तेच दाखवलं.

दुसरं हेल्मेट मात्र माझ्याकडे नाही, फक्त आठवण आहे. बरीच वर्षं झाली. आमच्या तुकडीतला एक जवान सुट्टीवर गेला होता. दोन वर्षं एलओसीवर काढून, बर्फातून आणि फायरिंगमधून धड बाहेर आलेला माणूस. बाजाराहून परतताना मोटारसायकलवरून पडला. डोक्यावर हेल्मेट होतं, अर्धं, टोपीसारखं, रस्त्याच्या कडेला विकत मिळतं तसलं. पट्टा लावलेला नव्हता. त्याच्या भावाने मला सांगितलं की हेल्मेट एकीकडे पडलं आणि तो दुसरीकडे. युनिटकडून गावी मी गेलो होतो. त्याच्या आईने मला एकच विचारलं, "तिकडं गोळ्या चालतात म्हणून मी जीव मुठीत धरून बसायची, आणि हे असं?" मला उत्तर देता आलं नाही.

माजी सैनिकांना पुढचं सांगायला नको, पण नव्या पोरांना माहीत असावं. सुट्टीवर घरच्या कामाला निघालेल्या जवानाचा अपघात सेवेमुळे झाला, हे सिद्ध करणं फार अवघड असतं. सेवेशी संबंध जोडला गेला नाही तर मागे राहिलेल्या बायकोला विशेष कुटुंब पेन्शन मिळत नाही, साधी मिळते. तिच्यासाठी कागदावरचा तो एक शब्द पुढची चाळीस वर्षं महिन्याच्या महिन्याला मोजला जातो. पट्टा लावायला चार सेकंद लागतात.

हेल्मेटचा आणि फौजेचा संबंध जुना आहे, आपल्याला वाटतो त्याहून जवळचा. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ज्याला जग ओळखतं तो टी. ई. लॉरेन्स ब्रिटिश हवाई दलात साधा एअरमन म्हणून कराचीला आणि मीरामशाहला राहून गेला होता. १९३५ च्या फेब्रुवारीअखेर तो सेवेतून मोकळा झाला. १३ मे रोजी बोव्हिंग्टन छावणीत जाऊन एक तार करून तो आपल्या ब्रफ सुपीरियर गाडीवर घरी परतत होता. उतारावर सायकलवरची दोन पोरं दिसली, त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी, १९ मे रोजी, तो गेला. वय ४६. पहिलं महायुद्ध पार केलेला माणूस पेन्शनीत तीन महिने काढू शकला नाही.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि केर्न्सपुढे लष्करातले डिस्पॅच रायडर येऊ लागले. ब्लॅकआउटमधल्या अंधाऱ्या रस्त्यांवर संदेश पोचवणारी पोरं, शत्रूच्या गोळीशिवाय मरणारी. १९४१ मध्ये त्याने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते, आणि डोक्याची इजा हेच त्यातलं मोठं कारण होतं. त्याच्या पाहण्यात क्रॅश हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त अगदी मोजके होते, पण त्यांच्या इजा सौम्य होत्या. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने ड्यूटीवरच्या प्रत्येक स्वाराला हेल्मेट सक्तीचं केलं. ब्रिटनच्या नागरिकांना तो कायदा लागू व्हायला १९७३ उजाडलं. म्हणजे तिथल्या रस्त्यावर नागरिकांच्या कितीतरी आधी मोटारसायकलचं हेल्मेट डोक्यावर सक्तीने चढवून घेणारे आपणच, फौजी. मी स्वतः बटालियनच्या सिग्नल प्लाटूनमध्ये काही काळ डीआर होतो. त्यामुळे ही गोष्ट सांगताना माझा आवाज जरा चढतो, ते सांभाळून घ्या.

आणि आपल्याकडे? पुण्यात हेल्मेटसक्ती म्हटली की मोर्चे निघतात. माझे पुण्यातले एक पाहुणे दर दिवाळीला मला ऐकवतात, हेल्मेटने ऐकू येत नाही, मान दुखते, बाजूचं दिसत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात हॅरी हर्टच्या पथकाने ९०० मोटारसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. हेल्मेटमुळे ऐकणं किंवा पाहणं कमी पडून अपघात झाल्याचं त्यांना आढळलं नाही. २०२२ सालच्या भारत सरकारच्या आकड्यांत हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक मेले आहेत. त्यांत १४,३३७ मागे बसलेले. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

आता त्या नाईकाच्या हेल्मेटकडे.

पहिली गोष्ट माप. भुवयांच्या वर बोटभर अंतरावर आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून शिंप्याची टेप फिरवायची. जो आकडा येईल तो कंपनीच्या तक्त्याशी ताडायचा, कारण एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीचं लार्ज असतं. पण घेर जुळला म्हणजे काम झालं असंही नाही. कुणाचं डोकं नारळासारखं लांबट, कुणाचं मोसंबीसारखं गोल. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं की कपाळावर एका जागी दाबतं आणि कानांवर हवा खेळते. दुकानात घालून वीस मिनिटं तसंच बसा. दुकानदार बघेल, बघू द्या. काढल्यावर कपाळावर एकच लाल ठिपका उठला तर ते हेल्मेट तुमचं नाही. घातलेलं असताना ते डावी-उजवीकडे हलवलं तर कपाळाची आणि गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून मागून वर ढकललं तर डोक्यावरून निसटता कामा नये. गालाला थोडं घट्ट चालेल, गादी पुढे जरा बसते. आणि एक फौजी गोष्ट: सुट्टीवर वाढलेल्या केसांवर हेल्मेट निवडू नका. परत आल्यावर नाव्ह्याची कात्री फिरली की तेच हेल्मेट डोक्यावर खुळखुळतं.

आपण बॅरे घडवतो तसं हेल्मेट घडत नाही. नवा बॅरे भिजवून, डोक्यावर दाबून, रात्रभर ठेवून आपल्या डोक्याचा करून घेता येतो. हेल्मेटच्या आतला मुख्य थर म्हणजे दाट थर्माकोल, ईपीएस. त्याने एकदाच, आदळताना, चिरडायचं असतं. चिरडताना तो धक्क्याचा वेळ क्षणभर लांबवतो आणि मेंदूला लागणारा हिसका कमी करतो. तेवढंच त्याचं काम. एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही, वरून कितीही चकचकीत दिसो. म्हणून माझं ते हेल्मेट खिळ्याला आहे. आणि म्हणूनच कुणाचं जुनं, स्वस्तात मिळालेलं हेल्मेट घेऊ नये. त्याने काय काय सोसलंय ते कळत नाही.

इश्यू हेल्मेट घालून मोटारसायकल चालवणारे मी पाहिलेत, म्हणून हेही सांगतो. गोळीसाठीचं वेगळं, डांबरासाठीचं वेगळं. आपला पटका सुमारे अडीच किलोचा, तो गोळी अडवायला आहे. रस्त्यावर डोकं आपटलं तर त्याच्यात चिरडायला काही नाही आणि मानेवर ओझं तेवढं राहतं.

मग चोच. खरं तर सगळा वाद तिचाच आहे. तिच्यामुळेच हे हेल्मेट लोकांना आवडतं आणि तिच्यामुळेच चार दिवसांत नावडतं. कच्च्यावर तिचा उपयोग खरा आहे. पुढच्या गाडीने उडवलेले खडे, झुडपांच्या फांद्या आणि सगळ्यात जास्त म्हणजे मावळतीचं ऊन. राजिमहून परतताना मान थोडी खाली केली की सूर्य तिच्याआड जातो. त्या दिवशी माझ्याकडे चोच होती आणि तरी मी पडलो, हेही प्रामाणिकपणे सांगतो. समोरून येणारं ऊन ती अडवते, पण ओल्या डांबरावरून खालून वर येणारी चमक ती काय अडवणार?

हायवेवर तीच चोच वैरीण. ऐंशीपर्यंत काही कळत नाही. नव्वदच्या पुढे वारा तिच्याखाली शिरतो आणि कुणीतरी मागून शेंडी धरल्यासारखी मान ओढली जाते. मागचं बघायला मान वळवली की झटका बसतो. समोरून धानाचा ट्रक गेला की दोन झटके. रायपूर ते सातारा हा पोरगा गाडीने सुट्टीवर जाणार म्हणतोय. राजनांदगाव, भंडारा, नागपूर आणि तिथून आख्खा महाराष्ट्र आडवा. एवढ्या रस्त्यावर चोचीसकट गेला तर घरी पोचेपर्यंत मान लाकूड होईल. म्हणून माझं मत असं: चोच हवी, पण काढता येणारी. आणि ती खरंच निघते का, ते दुकानातच नाण्याने किंवा हाताने उघडून बघायचं. काही हेल्मेटांत चोच काढली की काच धरणारे स्क्रूही सुटतात आणि बदली स्क्रू वेगळे लागतात. ते डब्यात आहेत का बघा. चोच आघाताने सुटणारी किंवा तुटणारी असावी, हेही महत्त्वाचं. अडकून राहिली तर पडताना तीच मान पिळेल. माझी तुटली, बरं झालं.

काच की गॉगल? निव्वळ कच्च्याच्या हेल्मेटांना काच नसते, गॉगल लावतात. हायवेवर संध्याकाळचे किडे आणि राईस मिलचा कोंडा गालात शिरला की त्याचा पश्चात्ताप होतो. दोन्हीकडच्या हेल्मेटला काच असते आणि डोळ्यांची खिडकी रुंद असते. काच वर करून आत गॉगल बसेल एवढी रुंद असेल तर उत्तम. धुळीच्या दिवसांत कच्च्यावर काच वर, गॉगल खाली. डांबर लागलं की उलट. काच पारदर्शकच घ्या. काळी काच दिवसा रुबाबदार आणि रात्री आंधळी, आणि गाई काही दिवसाच बसत नाहीत. आतून खाली सरकणारी छोटी काळी काच काही हेल्मेटांत येते. मला ती आवडते, पण तिच्यामुळे वजन वाढतं आणि बिघडायला एक वस्तू जास्त होते. पावसात काचेवर आतून वाफ धरते, त्यासाठी पिनलॉक नावाची पातळ दुसरी काच मिळते. जून ते सप्टेंबर इकडे राहणाऱ्याने त्या पैशाचा विचार करू नये.

हनुवटी पुढे काढलेली असते ती श्वासासाठी. कच्च्यावर माणूस गाडीवर उभा राहतो, हळू जातो, दमतो. तोंडासमोर जागा नसेल तर गुदमरतं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा वरची आणि हनुवटीची भोकं खरंच उघडतात का, की नुसतं प्लास्टिकचं नक्षीकाम आहे, ते बोट घालून बघा. आतली गादी निघणारी आणि धुता येणारी हवीच. नाहीतर दोन महिन्यांत लंगरच्या पोत्याचा वास येतो. आणि इकडचा गमछा! इथे प्रत्येकाच्या खांद्यावर गमछा असतो, आपलीही पोरं शिकली आहेत. डोक्याला जाड गमछा गुंडाळून वर हेल्मेट घातलं की माप बिघडलं. पातळ सुती टोपी घाला, गमछा गळ्यात ठेवा.

समोरून उचलता येणारी हेल्मेटंही दोन्हीकडची म्हणून विकली जातात. त्यांची हनुवटी बंद असताना खरंच आघात सोसेल अशी तपासलेली आहे का, हे युरोपीय ईसीई खुणेत कळतं. पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीत आकड्यांजवळ 'पी' असेल तर हनुवटी संरक्षक, 'एनपी' असेल तर नाही, 'जे' म्हणजे उघड्या तोंडाचं. ईसीईचा नवा नियम २२.०६. त्यात तिरकस आपटण्याची चाचणीही आली, आणि माणूस पडतो तो बहुधा तिरकाच. पण भारतात विकायला आणि घालायला आयएसआय खूण लागतेच, आयएस ४१५१ ची. १ जून २०२१ पासून ती नसलेलं हेल्मेट विकणं गुन्हा आहे. अडचण एवढीच की खूण छापायला चार आण्याचं स्टिकर पुरतं. मी स्वतः एकदा रस्त्यावरून असं स्टिकरवालं घेतलं होतं. घरी आणून आतलं कापड उचकटलं तर ईपीएस म्हणून बोटाने दबणारा फोम. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे. हेल्मेटवरचा सीएम/एल क्रमांक त्यात टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. दुकानातच टाका. दुकानदाराचा चेहरा बदलला तर तेही उत्तरच.

कुठली कंपनी, हे मी लिहिणार नाही, डोकी वेगवेगळी असतात. पण एक गंमत सांगतो. मी बेळगावचा रंगरूट. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून तिथे आहे. डोक्यावर टोप घालून पळायला मला ज्या गावाने शिकवलं, त्याच गावात वेगा ही हेल्मेटची कंपनी आहे, आणि तिचाच ॲक्सॉर हा ब्रँड. पोरं रायपूरच्या दुकानात परदेशी समजून जे हातात घेतात ते कधीकधी बेळगावहून आलेलं असतं. सांगितलं की बघतच राहतात.

कवच फायबरचं की पॉलिकार्बोनेटचं, यात फार अडकू नका. फायबर सहसा हलकं आणि महाग पडतं. दिवसभर चालवणाऱ्याला दोनशे ग्रॅमचा फरक संध्याकाळी मानेत कळतो. पॉलिकार्बोनेटचं घेतलंत तर पेट्रोल, थिनर, रंग त्याच्याजवळ नेऊ नका, ते प्लास्टिकला आतून खातात. रेजिमेंटचं चिन्ह रंगवायची हौस दाबा. पट्टा शक्यतो दोन कड्यांचा घ्या, आपल्या जुन्या पाठपिशवीला असायचा तसा. खटक्याचा पट्टा लावायला सोपा, पण वापरून सैल पडतो आणि माणूस तो पुन्हा आवळत नाही. दोन कड्यांचा दर वेळी नव्याने मापात बसतो.

हे सगळं त्या नाईकाला सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "महिनाभर वहीत लिही, डांबर किती, कच्चं किती." महिन्याने वही घेऊन आला. एकूण नऊशेच्या वर किलोमीटर, त्यांत कच्चं साठ. जतमई धबधब्याचा एक फेरा आणि कालव्याकडेचे दोन. मी म्हटलं, मग तुला साधं फुलफेस पुरेल. ते शांत असतं, मान ओढत नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगायचं तर मला स्वतःलाही ते पटलं नाही. वहीत डांबर जास्त होतं, पण अभनपूरभोवतीचं डांबर काय डांबर? पावसाळ्यात त्यावर अर्धा इंच कन्हार, उन्हाळ्यात भाट्याची धूळ, बाराही महिने गुरं. रुंद खिडकी, मोकळी हनुवटी आणि खिशात काढून ठेवलेल्या चोचीचे स्क्रू, हे इथल्या माणसाला शोभेपुरतं नाही. शेवटी आम्ही काढत्या चोचीचं, काचेचं, साध्या पांढऱ्या रंगाचं ठरवलं. नक्षी नाही. पांढरं लांबून दिसतं आणि उन्हात कमी तापतं. गाडीला त्याने लोखंडी गार्ड आणि जादा दिवे लावलेत, त्या बिलाच्या निम्म्यात हेल्मेट आलं. गाडीचा पत्रा वाचवायला दुप्पट, डोकं वाचवायला एकपट. हे सगळीकडे असंच असतं.

गेल्या रविवारी तो नवं हेल्मेट घालून टपरीवर आला. मी पट्ट्यात दोन बोटं घालून पाहिली, घट्ट होता. मागे त्याची बायको बसली होती, पहिल्यांदाच राजिमला राजीवलोचनाच्या दर्शनाला निघालेली. तिच्या डोक्यावर त्याचं जुनं. मी वाकून बघितलं तर ते तिच्या भुवयांवर उतरलेलं, मान हलवली की हेल्मेट एकीकडे, चेहरा दुसरीकडे.

"अरे, आणि वहिनींचं?"

"साहेब, ती फक्त मागंच बसती की."

१४,३३७ चा आकडा तेव्हा सांगितला नाही, बाईमाणसासमोर बरं दिसलं नसतं. टपरीवाल्याकडून सुतळी मागितली, तिच्याच डोक्याला गुंडाळून मोबाईलच्या स्केलवर मोजली. ५४ सेंटिमीटर. त्यांना राजिम रद्द करायला लावलं, हे तिला फारसं आवडलं नाही. चहा पिऊन तिघे हळू, चाळीसच्या आत, रायपूरला परत आलो आणि सरळ दुकानात गेलो. त्या मापाचं नव्हतं. बायकांच्या मापाची आम्ही ठेवत नाही, कुणी मागत नाही, असं दुकानदार म्हणाला. मागवून ठेवलंय. पुढच्या गुरुवारी येईल.